जीएमचं दिवाळं, बेलआऊट आणि मारलेले ब्रँड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन गाड्यांबद्दल काहीही लिहिलं की गाडीवर कमी आणि २००९ वर जास्त प्रश्न येतात. पॉन्टिॲक का मारली, ब्युइक का ठेवली, लोकांचे पैसे बुडाले की नाही, आणि शेवटी आपली शेवरोले कुठे गेली. तेच तेच वेगवेगळं लिहिण्यापेक्षा सगळं एकत्र केलंय. विषय मुख्यतः जनरल मोटर्सचा आहे, क्रायस्लर आणि फोर्ड गरजेपुरते.

१. नक्की झालं काय होतं? ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी सांगा.

जनरल मोटर्स, म्हणजे जीएम, १९३१ पासून जवळपास पाऊणशतक जगातली सगळ्यात जास्त गाड्या विकणारी कंपनी. २००८ मध्ये तो पहिला नंबर टोयोटाने घेतला, पण तोपर्यंत नंबरची काळजी करायची वेळ निघून गेली होती कारण कंपनीकडे पगार आणि सप्लायरची बिलं भागवायला रोकड उरत नव्हती. २००७ चा तोटा ३८.७ अब्ज डॉलर, २००८ चा ३०.९ अब्ज. त्यात २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेलं, मोठ्या एसयूव्ही शोरूममध्ये पडून राहिल्या, आणि सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाल्यावर गाडीला कर्ज मिळणंच बंद झालं. १ जून २००९ ला जीएमने न्यूयॉर्कच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला : मालमत्ता ८२ अब्ज डॉलर, देणी १७३ अब्ज. १० जुलैला नवी जीएम बाहेर पडली.

२. दिवाळखोरी पण आणि बेलआऊट पण? दोन्ही एकदम कसं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बेलआऊटचे, म्हणजे कंपनी वाचवायला सरकारने दिलेले, पैसे आधी आले, कोर्ट नंतर. नोव्हेंबर २००८ मध्ये जीएम, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांचे सीईओ खासगी विमानांनी वॉशिंग्टनला मदत मागायला गेले आणि त्यावरून त्यांची इतकी शोभा झाली की डिसेंबरला परत जाताना बिचारे हायब्रिड गाड्यांमधून गेले, जीएमचे रिक वॅगनर मालिबू हायब्रिडमधून. सिनेटमध्ये बिल अडकलं, मग १९ डिसेंबरला बुश यांनी बँकांसाठी ठेवलेल्या टार्प निधीतून १७.४ अब्ज जाहीर केले, त्यातले १३.४ जीएमला. म्हणजे "ओबामाने वाचवली" हे अर्धंच खरं.

ओबामांच्या टीमने मार्च २००९ मध्ये जीएमचा सुधारणा आराखडा नाकारला, वॅगनर यांना जायला लावलं, आणि मग सरकारी पैशावर दिवाळखोरी करायचं ठरलं. एरवी दिवाळखोरीत कंपनी चालू ठेवायला बँका कर्ज देतात पण तेव्हा बँकाच गार पडल्या होत्या, म्हणून ती जागा सरकारने घेतली. कोर्टात जुन्या कंपनीतला चांगला माल, म्हणजे चालू कारखाने, चार ब्रँड, डिझाइन वगैरे, नव्या कंपनीला विकला आणि राहिलेलं भंगार "मोटर्स लिक्विडेशन कंपनी" या नावाने मागे ठेवलं. नव्या कंपनीत अमेरिकन सरकार ६०.८ टक्के, युनियनचा आरोग्य ट्रस्ट १७.५, कॅनडा आणि ओंटारिओ मिळून ११.७, जुने बाँडवाले, म्हणजे जुन्या कंपनीला बाँड घेऊन कर्ज दिलेले लोक, १० टक्के. पुढचे बरेच प्रश्न या "जुनी कंपनी–नवी कंपनी" भानगडीवरच येतात.

३. एकूण ब्रँड किती होते आणि कुठले गेले?

अमेरिकेत आठ : शेवरोले, पॉन्टिॲक, ब्युइक, कॅडिलॅक, जीएमसी, सॅटर्न, साब, हमर. त्यातले शेवरोले, ब्युइक, कॅडिलॅक आणि जीएमसी राहिले. ओल्ड्समोबिल त्या आधीच, २००४ मध्ये बंद झाली, त्यामुळे तिला बेलआऊटच्या खात्यात धरू नका. बरेच लोक धरतात.

पण ओल्ड्समोबिलचं प्रकरण एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेत राज्याराज्यांचे डीलर कायदे इतके कडक की ब्रँड बंद करायचा म्हटलं की प्रत्येक डीलरला भरपाई द्यावी लागते, आणि त्या एका ब्रँडपायी जीएमचे अब्जावर डॉलर गेले. म्हणजे २००० नंतर मॅनेजमेंटला आठ ब्रँड पेलत नाहीयेत हे कळत असून कोणी हात लावत नव्हतं, कारण मारायला पैसे लागतात आणि ते नव्हते. दिवाळखोरीत डीलरचे करार कोर्टाच्या मदतीने मोडता येतात. म्हणून माझं मत असं की ब्रँड गेले ही बेलआऊटची शिक्षा नव्हती, जे काम इतकी वर्षं परवडत नव्हतं ते तेव्हा स्वस्तात उरकून घेतलं.

४. पॉन्टिॲकसारखा भारी ब्रँड का मारला? जीटीओ, ट्रान्स ॲम सगळं विसरले का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात जास्त रागात येतो.

आधी कौतुक करून घेऊ. १९६४ ची जीटीओ ही जीएमच्या स्वतःच्या नियमाला बगल देऊन आलेली गाडी. मधल्या साइजच्या गाडीत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असा कंपनीचा नियम होता, तर पॉन्टिॲकचे इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि मंडळींनी ३८९ चं व्ही८ टेंपेस्टमध्ये "ऑप्शन पॅकेज" म्हणून घातलं, कारण नियम गाडीच्या मॉडेलला होता, ऑप्शनला नव्हता. मसल कारचं, म्हणजे मधल्या साइजच्या गाडीत दांडगं इंजिन घालण्याचं, युग तिथून सुरू झालं असं मानणारे खूप आहेत आणि मी त्यातलाच.

आता २००९ ची शोरूम बघा. जी३ म्हणजे शेवरोले अवेओ, आपल्याकडे जी अवेओ युव्हा म्हणून विकली तीच हॅचबॅक, नाक बदललेली. जी५ म्हणजे शेवरोले कोबाल्ट. व्हाइब म्हणजे टोयोटा मॅट्रिक्सची जुळी बहीण, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला टोयोटासोबतच्या नुमी कारखान्यात बनणारी (तो कारखाना पुढे टेस्लाने घेतला). जी८ खरंच जबरदस्त, सहा लिटरचं व्ही८, मागच्या चाकांना ताकद, पण ती ऑस्ट्रेलियाची होल्डन कमोडोर, तिथून जहाजाने यायची. पॉन्टिॲक म्हणून पॉन्टिॲकवाल्यांनी बनवलेली गाडी शोधायला बसलात तर सॉल्स्टिसपाशी येऊन थांबता, आणि तिचीसुद्धा सॅटर्न स्काय नावाची बहीण होतीच. तुम्हाला राग २००९ वर आहे पण ब्रँड आतून पोकळ झाला तो आधीच्या दोन-तीन दशकांत, बॅज बदलून तीच गाडी चार शोरूममध्ये विकण्याच्या सवयीमुळे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने. डिसेंबर २००८ च्या आराखड्यात पॉन्टिॲक छोटा स्पेशल ब्रँड म्हणून राहणार होती. २७ एप्रिल २००९ ला, म्हणजे सरकारने जास्त कापायला सांगितल्यावर, ती बंद करायचं जाहीर झालं. शेवटची गाडी, पांढरी जी६ सेडान, मिशिगनच्या ओरायन टाउनशिप कारखान्यातून निघाली. जीटीओच्या घराण्याचा शेवट भाड्याच्या गाड्यांच्या ताफ्यात शोभेल अशा सेडानने झाला, याला काय म्हणायचं.

५. मग ब्युइक कशी वाचली? ती तर आजोबांची गाडी!

चीन. अमेरिकेत ब्युइक आजोबांची असेल, चीनमध्ये ती साहेबांची गाडी. शेवटच्या सम्राटाकडे, पु यीकडे ब्युइक होती, आणि १९९७ मध्ये जीएमने शांघायच्या सैक कंपनीबरोबर भागीदारी केली तेव्हा पहिला ब्रँड ब्युइकच नेला. २००९ च्या आसपास तिथे अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त ब्युइक खपत होत्या. आपल्या गावातच बंद पडलेला ब्रँड परदेशात प्रीमियम म्हणून विकणं अवघड, म्हणून अमेरिकेतली ब्युइक जगली. पॉन्टिॲकला असं माहेर नव्हतं.

६. शेवरोलेचा पिकअप आणि जीएमसीचा पिकअप एकच, मग जीएमसी कशाला ठेवली? प्रश्न ४ मधला बॅज बदलण्याचा मुद्दा इथे का लागू नाही?

कारण इथे बॅज बदलून पैसे मिळतात. सिल्व्हराडो आणि सिएरा, टाहो आणि युकॉन, आतून तेच, पण जीएमसीचं गिऱ्हाईक डेनाली नावाच्या क्रोम-लेदरवाल्या मॉडेलला हजारो डॉलर जास्त मोजतं आणि खर्च त्या मानाने फार वाढत नाही. पॉन्टिॲक जी३ ला कोणी अवेओपेक्षा जास्त पैसे देत नव्हतं. विषय संपला.

७. सॅटर्न, साब आणि हमर विकायला काढले होते ना? घेतले का नाही कोणी?

घेणारे तिघांनाही मिळाले होते, पण दोन सौदे बोंबलले आणि तिसरा झाला तरी टिकला नाही.

सॅटर्न सगळ्यात हळहळ वाटावी असं. जपानी छोट्या गाड्यांना उत्तर म्हणून १९८५ मध्ये काढलेली वेगळी कंपनी, टेनेसीत स्प्रिंग हिलला वेगळा कारखाना, युनियनशी वेगळा करार, प्लॅस्टिकचे दरवाजे ज्यांना पार्किंगमध्ये पोचे पडत नाहीत, आणि शोरूममध्ये घासाघीस नाही, पाटीवर असेल तीच किंमत. १९९४ ला कारखान्यात गाडीमालकांचा मेळावा भरवला तर चाळीस हजारांवर लोक आले, छोट्या स्वस्त गाडीसाठी! मग जीएमने नवीन मॉडेलला पैसेच दिले नाहीत आणि शेवटी तिथेही ओपेलच्या गाड्या बिल्ला लावून विकल्या. गाड्यांच्या शोरूमची साखळी चालवणारे रॉजर पेन्स्की ती घेणार होते, फक्त पुढे गाड्या बनवून द्यायला कोणीतरी हवं होतं, रेनोशी बोलणी झाली, ३० सप्टेंबर २००९ ला रेनोच्या बोर्डाने नाही म्हटलं आणि त्याच दिवशी सॅटर्न संपली.

स्वीडनची साब फेब्रुवारी २०१० मध्ये हॉलंडच्या स्पायकर या छोट्या गाडी कंपनीला गेली आणि डिसेंबर २०११ ला दिवाळखोर झाली. चिनी कंपन्या पैसे लावायला तयार होत्या पण गाड्यांमधलं तंत्रज्ञान जीएमचं, आणि जीएमने ते त्यांच्या हाती जाऊ द्यायला नकार दिला, चीनमध्ये स्वतःचाच धंदा होता ना (प्रश्न ५). जीएमच्या काळात साबचं काय झालं ते ९-७एक्स मध्ये बघा : शेवरोले ट्रेलब्लेझरच, पण साबची जुनी खूण म्हणून किल्ली लावायची जागा स्टिअरिंगजवळून काढून दोन सीटच्या मध्ये नेली. तेवढ्यावर गाडी स्वीडिश होते असं कोणाला तरी मीटिंगमध्ये खरंच वाटलं असणार.

हमर चीनच्या सिचुआनमधल्या तेंगझोंग नावाच्या यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीला जाणार होती, चिनी सरकारची मंजुरी आली नाही, फेब्रुवारी २०१० मध्ये सौदा मोडला. ऑक्टोबर २०२० मध्ये हमर नाव परत आलं पण ब्रँड म्हणून नाही, जीएमसीच्या इलेक्ट्रिक ट्रकचं नाव म्हणून.

८. चूक कोणाची, युनियनची की मॅनेजमेंटची?

यावर मैत्र्या तुटताना बघितल्यात. युनियनविरोधी मंडळी म्हणतात निवृत्त कामगारांच्या मेडिकलचा बोजा गाडीमागे हजार-दीड हजार डॉलर पडत होता आणि "जॉब्ज बँक" नावाची सोय होती जिथे काम नसलेल्या कामगारालाही बराचसा पगार मिळायचा. दोन्ही खरं. पण ते करार सही कोणी केले? मॅनेजमेंटनेच, संप नको म्हणून, आजचं मरण उद्यावर ढकलत. आणि युनियनने कोणाला कॅडिलॅक सिमरॉन बनवायला सांगितलं नव्हतं. १९८२ ची ही कॅडिलॅक म्हणजे शेवरोले कॅव्हेलियर, लेदर सीट घातलेली, १.८ लिटरचं चार सिलिंडर, ८८ हॉर्सपॉवर. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली जवळपास निम्मी गाडीविक्री जीएमची होती, २००८ ला ती २२ टक्क्यांवर आली. गिऱ्हाईक पगाराचे करार वाचून जात नाही, गाडी चालवून जातं.

कामगार सुटले असंही नाही. नवीन भरतीला जवळपास निम्मा पगार हे २००७ लाच मान्य केलं होतं, आणि ट्रस्टला मेडिकलसाठी जी रोकड मिळायची होती तिच्या मोठ्या भागाऐवजी शेअर हातात आले (प्रश्न २).

९. फोर्डने एक पैसा घेतला नाही, मग ते शहाणे ना?

शहाणे आणि नशीबवान. २००६ च्या शेवटी, बँका अजून कर्ज देत असताना, फोर्डने कारखाने, पेटंट, अगदी निळा अंडाकृती लोगोसुद्धा गहाण टाकून साडेतेवीस अब्ज उचलले होते. शिवाय घरातले दागिने विकले, त्यातले जॅग्वार आणि लँड रोव्हर २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलरला आपल्या टाटा मोटर्सने घेतले. पण दोन गोष्टी सोयीस्करपणे विसरल्या जातात. फोर्डचे ॲलन मुलाली स्वतः वॉशिंग्टनला बेलआऊटच्या बाजूने बोलायला गेले होते कारण तिघांचे सप्लायर तेच, जीएम पडली असती तर फोर्डला पार्ट कुठून मिळाले असते. आणि २००९ मध्ये फोर्डने ऊर्जा खात्याकडून ५.९ अब्जांचं कर्ज घेतलं, ते टार्प नव्हतं आणि त्यांनी फेडलं, पण सरकारी पैसा होताच.

१०. क्रायस्लरचं काय झालं? आणि त्याचा आपल्या जीपशी काही संबंध?

क्रायस्लर जीएमच्या आधी, ३० एप्रिल २००९ ला कोर्टात गेली. सेर्बेरस नावाच्या गुंतवणूक कंपनीच्या हातात होती, सरकारने फियाटशी लग्न लावून दिलं, आणि फियाटने सुरुवातीचे २० टक्के रोख न देता तंत्रज्ञानाच्या बदल्यात घेतले. तारण घेऊन कर्ज दिलेल्यांना डॉलरमागे २९ सेंट मिळाले, इंडियानाचे पेन्शन फंड सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले, कोर्टाने थांबवायला नकार दिला.

संबंध असा, की फियाटचा पुण्याजवळ रांजणगावला टाटांबरोबरचा कारखाना होताच. जीप फियाटच्या घरात आली म्हणून २०१७ पासून कंपास तिथे बनायला लागली. २००९ चं लग्न झालं नसतं तर रांजणगावची कंपास नसती, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

११. लोकांचे पैसे परत आले का? जीएमने तर "सगळं कर्ज फेडलं" अशी जाहिरात केली होती.

ती जाहिरात एप्रिल २०१० ची, सीईओ एड व्हिटाकर स्वतः कारखान्यातून चालत सांगतात की सरकारी कर्ज व्याजासकट मुदतीच्या पाच वर्षं आधी फेडलं. शब्दशः खरं आणि एकूणात दिशाभूल. सरकारने जीएममध्ये घातलेल्या साधारण ४९.५ अब्जांपैकी कर्ज म्हणून फक्त ६.७ अब्ज मांडले होते, बाकीच्याचे शेअर झाले होते. आणि ते ६.७ सुद्धा सरकारनेच दिलेल्या, वेगळ्या खात्यात ठेवलेल्या पैशातून फेडले.

शेअर नोव्हेंबर २०१० मध्ये ३३ डॉलरला बाजारात आला, सरकारचा खर्च निघायला तो चाळिशीच्या बराच वर लागत होता. डिसेंबर २०१३ ला सरकारने शेवटचे शेअर विकले तेव्हा जीएमवरचा तोटा साडेदहा अब्जांच्या आसपास. क्रायस्लरमध्येही थोडा तोटा, उलट जीएमची फायनान्स कंपनी, आताची ॲलाय, तिच्यात फायदा झाला. सगळं मिळून ८० अब्ज गेले, ७० च्या आसपास आले.

१२. मग वाचवायला नको होतं का? बाजाराला ठरवू द्यायचं होतं.

तत्त्व म्हणून ऐकायला बरं वाटतं. पण "बाजार ठरवेल" म्हणजे २००९ मध्ये प्रत्यक्ष काय, तर कर्ज द्यायला कोणी नाही, म्हणजे कंपनी तुकड्यात विकायची, आणि जी गाडी कंपनी बंद होतेय तिची गाडी कोण घेतं? लोक इतके घाबरले होते की मार्च २००९ मध्ये राष्ट्राध्यक्षांना जाहीर करावं लागलं की तुमच्या गाडीच्या वॉरंटीमागे सरकार उभं आहे. माझं मत : कारखाने आणि सप्लायर वाचवणं बरोबर होतं, दहा अब्ज ही त्याची किंमत मला पटते. न पटणारे मित्र आहेत आणि त्यांचा "मग पुढच्या वेळी पण हेच का" हा प्रश्न मला खोडता येत नाही.

१३. तेव्हा चांगल्या गाड्यांची इंजिनं मुद्दाम जाळली हे खरं का?

जाळली नाहीत, गोठवली. २००९ च्या जुलै-ऑगस्टमधली "कॅश फॉर क्लंकर्स" योजना : जुनी पेट्रोल पिणारी गाडी द्या, नवीन कमी पिणारी घ्या, ३,५०० किंवा ४,५०० डॉलर सूट. तीन अब्जांची तरतूद दोन महिन्यांच्या आत संपली. जुनी गाडी परत रस्त्यावर येऊ नये म्हणून डीलरने इंजिनमधलं ऑइल काढून त्याजागी सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचं आणि इंजिन चालू ठेवायचं, पाणी उडून जातं, काचेसारखा थर बेअरिंगवर बसतो, इंजिन घरघर करून जाम होतं. याचे व्हिडिओ बघवत नाहीत. बेलआऊटपेक्षा वेगळी योजना होती आणि तिचा फायदा टोयोटा-होंडालाही भरपूर झाला.

१४. आपल्याकडची शेवरोले या दिवाळखोरीमुळे गेली का?

नाही, निदान थेट नाही. कोर्टात गेल्या त्या जीएमच्या अमेरिकेतल्या कंपन्या, भारतातली नाही. उलट तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ लाच सुरू झाला, मुहूर्त बघा, लेहमन बुडाली तोच महिना. बीट, स्पार्क तिथल्याच.

वळसा घालून संबंध मात्र आहे. पैशाची चणचण होती म्हणून डिसेंबर २००९ मध्ये जीएमने चीनच्या सैकला भारतातल्या धंद्यात निम्मी भागीदारी द्यायचं ठरवलं, त्यातूनच सेल आणि एन्जॉयसारखी चीनमध्ये घडलेली मॉडेलं आपल्याकडे आली आणि ती काही चालली नाहीत. नंतर २०१३ ला टवेराच्या प्रदूषण चाचणीतल्या गडबडीमुळे १.१४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेर भारतात विक्री बंद, त्याच वर्षी ओपेल विकून युरोपातूनही निघाले. तळेगावात एक्स्पोर्टसाठी डिसेंबर २०२० पर्यंत काम चाललं, मग चीनच्या ग्रेट वॉल या गाडी कंपनीशी ठरलेला सौदा मंजुरीअभावी फिसकटला, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला. मुंबईत शिवडीला १९२८ साली गाड्या जोडायला सुरुवात केलेल्या कंपनीचा हा भारतातून दुसरा निरोप, पहिला १९५४ चा.

१५. कंपनी नवी झाली, मग जुन्या गाडीत दोष निघाला तर जबाबदार कोण?

२००९ ला हे वकिली किचकट कलम वाटत होतं, २०१४ ला त्याने कंपनीचं तोंड काळं केलं. कोबाल्ट, सॅटर्न आयन, पॉन्टिॲक जी५ अशा गाड्यांच्या इग्निशन स्विचची स्प्रिंग इतकी हलकी की जड जुडगा असेल किंवा गुडघा लागला तर चालत्या गाडीत किल्ली मागे फिरायची, इंजिन बंद, आणि त्याचबरोबर एअरबॅगही बंद. आत काही इंजिनिअरांना हे अनेक वर्षं माहीत होतं, नंतर स्विच बदललाही पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे तपासणाऱ्यांना बदल दिसलाच नाही. २६ लाख गाड्या परत बोलावल्या, भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

करारानुसार नवी कंपनी खरेदीनंतरच्या अपघातांना जबाबदार, आधीचे दावे जुन्या भंगार कंपनीकडे, जिच्यात वसूल करण्यासारखं फारसं नव्हतं. २०१५ ला दिवाळखोरी कोर्टाने हे संरक्षण बरंचसं मान्य केलं. २०१६ ला वरच्या कोर्टाने फिरवलं : दोष माहीत असून लोकांना कळवलाच नाही, मग त्यांना बाजू मांडायची संधी मिळाली नाही, मग ते बांधील कसे.

१६. माझ्या मामांकडे जुन्या जीएमचे शेअर आहेत, अमेरिकेत असताना घेतलेले. नवीन जीएमचे शेअर मिळतील का?

नाही. जुन्या शेअरवाल्यांना शून्य मिळालं, नव्या कंपनीतले १० टक्के बाँडवाल्यांना गेले. गंमत म्हणजे जुना शेअर वेगळ्या चिन्हाखाली काही काळ बाजारात फिरत राहिला आणि लोक तो नवी जीएम समजून घेत राहिले, नियामकांना सूचना काढावी लागली. सर्टिफिकेट कागदी असेल तर ठेवा, जुन्या कंपन्यांची सर्टिफिकेटं जमवणारे लोक असतात.